भागीचं घोडं आणि दोन जावा

पत्र थोडक्यात: नागपुरात मानेवाड्याकडे राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 38. अकरा वर्षांपासून त्या एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम करतात, पगार महिना 28 हजार. त्यांच्या थोरल्या जाऊबाई घरूनच काळा मसाला, सरगुंडे, मुगाच्या वड्या आणि थंडीत सांबारवडी करून विकतात. ओळखीओळखीतून पुण्या-बंगळुरूलाही पार्सलं जातात. आता जाऊबाईंना गाळा भाड्यानं घेऊन मसाला कांडपाचं मशीन बसवायचं आहे. ताईंनी नोकरी सोडावी, साठवलेले चार लाख घालावेत आणि निम्मी भागीदारी घ्यावी, असा त्यांचा आग्रह आहे. घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात, "भागीचं घोडं किवणानं मरते बाई." ताईंची आई म्हणते, "जावा-जावा, उभा दावा." नवऱ्याचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. कार्यालयातली मैत्रीण सांगते, बोलेल त्याची बोरं विकतात, पुढे हो. वडील म्हणतात, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. ताई विचारतात: "एक म्हण पटली की दुसरी आठवते. यातली खरी कोणती? की म्हणी नुसत्या बोलायलाच असतात?"

नमस्कार ताई,

तुमचं पत्र चांगलं लांबलचक आहे. त्यात पाच माणसांच्या पाच म्हणी आहेत. गाळ्याचं भाडं किती, हे मात्र कुठेच नाही. मशीन केवढ्याचं, जाऊबाईंची महिन्याची विक्री किती, मिरची-मसाला-तेल-पार्सल वजा जाता त्यांच्या हातात काय उरतं, यातलं काहीच नाही. तुम्ही अकरा वर्षं दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवता, म्हणून मला हे जास्त जाणवलं. हा दोष मी तुम्हाला देत नाही. घरात एकदा म्हण पडली की काहीतरी ठरल्यासारखं वाटतं, बोलणं तिथेच थांबतं आणि आकडे काढायचे राहून जातात. चांगल्या शिकल्या-सवरल्या घरांतही मी हे सतत पाहते.

म्हणून यातली खरी कोणती, हा तुमचा प्रश्न मी आधी बाजूला ठेवते. तशा सगळ्याच खऱ्या आहेत आणि म्हणूनच त्या निवाड्याच्या कामाच्या नाहीत. बोलेल त्याची बोरं विकतात, तर झाकली मूठ सव्वा लाखाची. शुभस्य शीघ्रम् म्हणणारेच पुढच्या आठवड्यात उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. भागीचं घोडं मरतं आणि एकीचं बळ मिळे फळ. हर्बर्ट सायमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1946 मध्ये कारभाराच्या शास्त्राबद्दल हीच तक्रार केली होती. त्या काळी संस्था चालवण्याची जी तत्त्वं शिकवली जात, ती म्हणींसारखी जोडीनं आहेत, प्रत्येकीच्या उलट तितकंच पटणारं दुसरं तत्त्व तयार आहे आणि कोणतं कधी लावायचं हे कोणीच सांगत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे 1978 मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचा मुद्दा तुमच्या घरातल्या पाच म्हणींना जसाच्या तसा लागू पडतो.

मग म्हणी टाकून द्यायच्या का? मला तसं वाटत नाही. म्हण कोणत्या जमिनीत उगवली, ते पाहायचं.

आपल्याकडचंच घ्या. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" ही म्हण तुमच्या-माझ्या आजोळी कोणी ना कोणी म्हटलेली असेल. सूर्य स्वाती नक्षत्रात जातो तो साधारण 24 ऑक्टोबरला. त्या सुमाराचा पाऊस म्हणजे कोरडवाहू रब्बीला ओल. ज्वारी-हरभरा त्यावर तरतो. ज्यानं ही म्हण केली त्याच्या वावरात ती सोळा आणे खरी होती. पण आता सावनेर-काटोलकडे त्याच दिवसांत जाऊन उभं राहा. कापसाची बोंडं फुटलेली असतात, पहिली वेचणी तोंडावर असते. सोंगलेल्या सोयाबीनच्या गंज्या वावरात असतात. त्यावर स्वातीचा पाऊस आला की कापूस भिजून पिवळा पडतो, सोयाबीनच्या दाण्याला कोंब फुटतात आणि व्यापारी ओलाव्याच्या नावानं भाव पाडतो. आकाश तेच, नक्षत्र तेच, पाऊसही तोच. पीक बदललं आणि मोत्यांची माती झाली. ज्या शेतकऱ्याला ही म्हण ज्वारीची आहे हे ठाऊक असतं, तो स्वाती लागायच्या आत गंजीवर ताडपत्री टाकतो.

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही म्हणही तशीच. विदर्भात मुलीसाठी स्थळ पाहायला निघालेला बाप हा क्रम कसा लावतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तर म्हण कानावर आली की तिला विचारायचं: बाई, तू कुठली? कोणाची? तुझं म्हणणं लागू पडायला काय काय असावं लागतं? हे विचारलं की काही म्हणी फार कामाच्या ठरतात आणि काही हातातच विरघळतात. तुमच्याकडच्या पाचांत दोन्ही प्रकारच्या आहेत. त्या सरसकट एका मापानं मोजता येणार नाहीत.

सुरुवात तुमच्या आईच्या म्हणीपासून करते, कारण तीच तुम्हाला सगळ्यात जास्त सलते आहे असं पत्रावरून वाटलं. "जाऊबाई मला लहान बहिणीसारखं वागवतात, पण आई म्हणते ते मनात राहतं" असं तुम्ही लिहिलंय. जावा-जावा, उभा दावा. म्हणायला किती सोपी, कशी जिभेवर बसते! तिथेच थोडं थांबावं लागतं. मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिघबख्श या दोघांनी 2000 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांसमोर फारशी माहितीची नसलेली यमकाची सुभाषितं ठेवली आणि तोच अर्थ यमक मोडून सांगणारी वाक्यंही ठेवली. यमक असलेली वाक्यं लोकांना जास्त खरी वाटली. आशय आणि काव्य वेगळं करून पाहा, असं आधीच बजावलं तेव्हा हा फरक कमी झाला. तुम्हीही करून पाहा. "एका घरात दिलेल्या दोन स्त्रियांचं कायम भांडण असतं" असं साध्या वाक्यात मोठ्यानं म्हणा. लगेच मनात येईल, कोणत्या घरात? कशावरून? कोण म्हणतं? यमकात हे प्रश्न उठतच नाहीत.

आता तिचं मूळ शोधू. एकत्र कुटुंब, एक चूल, पैसा सासऱ्याच्या नाहीतर थोरल्याच्या हातात. दोघींच्या नावावर काही नाही. कोणाला किती साड्या, कोणाच्या माहेरचं काय आलं, कोणाच्या मुलाला दुधाचा पेला मोठा, हे तिसऱ्याच माणसानं ठरवायचं आणि वर तुलनाही त्यानंच करायची. अशा ठिकाणी दोन सख्ख्या बहिणी ठेवल्या तरी वर्षभरात दावा उभा राहील. म्हणजे त्या म्हणीतलं भांडण जावांच्या स्वभावातून आलेलं नाही. वाटा ठरलेला नाही आणि हातात स्वतःचा पैसा नाही, यातून ते आलंय. तुमच्याकडे चुली दोन आहेत, तुमचा पगार तुमच्या खात्यात येतो, जाऊबाईंचा मसाला त्यांच्या नावानं विकला जातो. म्हण जिथे उगवली, ती जमीनच तुमच्या पायाखाली नाही.

माणसांच्या जातीबद्दल, नात्याबद्दल, गावाबद्दल केलेल्या सरसकट विधानांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. जावा अशाच, नणंदा तशाच, अमुक समाजाचे लोक पैशाला चिकट, नागपूरकर म्हणजे आळशी. कामाबद्दलची म्हण चुकली तर नुकसान होऊन कळते तरी. माणसांबद्दलची म्हण स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करते. जाऊ म्हणजे दावा, हे मनात धरून तुम्ही गाळ्यात बसलात की जाऊबाईंनी बिल द्यायला एक दिवस उशीर केला तरी तुम्हाला त्यात दावा दिसेल. तुम्ही आखडाल, त्यांना ते कळेल, त्याही आखडतील. मग आई म्हणेल, "बघ, म्हटलं नव्हतं का मी?" म्हण खरी ठरेल आणि ती तुम्हीच खरी केलेली असेल.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. लग्नातल्या आचाऱ्याला कधी भाताच्या मोठ्या पातेल्यापाशी पाहा. तो झाऱ्यानं वरचं शीत काढतो, दोन बोटांत दाबतो, मग झारा तळापर्यंत घालून खालचंही काढतो. एवढ्यावर तो दोनशे माणसांचं पातेलं उतरवायला सांगतो आणि ते बरोबर असतं. का? तांदूळ एका पोत्यातला, पाणी एक, आच एक, वेळ एक. तरीही वरच्या शितावर त्याचा पूर्ण विश्वास नसतो, म्हणून तो तळ पाहतो. तुमच्या आईनं पाहिलेल्या जावा आणि तुमच्या जाऊबाई एका पातेल्यातल्या नाहीत. म्हणून ही म्हण मी तुमच्यापुरती रद्द करते. तिच्या जागी एक साधा प्रश्न ठेवा. तुम्ही दोघींनी मिळून याआधी पैशाचं काय काय निभावलंय? कोणाचं आजारपण, घरातलं लग्न, दिवाळीच्या फराळाचा खर्च, गावाकडच्या घराचं छत. त्या वेळी हिशेब कोणी मांडला? कोणी स्वतःहून सांगितला, कोणाला तो मागावा लागला? कमी-जास्त झालं तेव्हा कोण गप्प बसलं आणि सहा महिन्यांनी टोमणा मारला? हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या आईला नाही.

सासूबाईंची म्हण मात्र वेगळ्या वजनाची आहे. ती मी जपून ठेवीन.

भागीचं घोडं. दोघांचं घोडं असतं, स्वारी दोघं करतात, पाठीला जखम, म्हणजे किवण, होते. हा म्हणतो तो पाहील, तो म्हणतो हा पाहील. जखम चिघळते आणि घोडं मरतं. इथे घोडं वाईट नाही, मालकही दुष्ट नाहीत. जखम कोणी धुवायची हे ठरलेलं नव्हतं, एवढंच. या म्हणीला "भागी करू नये" असा अर्थ लोक देतात. मला तिच्यात "काम वाटून घ्या, नावानिशी वाटून घ्या" हे ऐकू येतं.

गंमत म्हणजे आपला भागीदारीचा कायदा, 1932 चा, याच घोड्याभोवती फिरतो. त्याचं कलम 12 म्हणतं की प्रत्येक भागीदारानं धंद्याचं काम झटून केलं पाहिजे. कलम 13 मधलं आणखी महत्त्वाचं: तुमच्या करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर भागीदाराला केलेल्या कामाचा वेगळा मोबदला मागता येत नाही आणि नफा-तोटा सगळ्यांना सारखा. आता तुमचं चित्र डोळ्यांपुढे आणा. जाऊबाई सकाळी आठपासून मिरच्यांचे देठ खुडताहेत, खडा मसाला भाजताहेत, नाकाला रुमाल बांधून मशीनपाशी उभ्या आहेत. तुम्ही दोन तास हिशेब आणि ऑर्डरी बघताय. महिनाअखेर दोघींना निम्मं-निम्मं. किंवा उलटं: पैसा तुमचा चार लाख, त्यांचे घरातलेच डबे-भांडी, आणि तरीही निम्मं. लिहिलेलं काही नाही. पहिली दिवाळी आनंदात जाईल. दुसरीला कोणीतरी एक जण रात्री नवऱ्यापाशी बोलेल. हीच ती जखम, आणि ती कोणाच्या वाईटपणातून होत नाही.

पुढचं कलम 25. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतः पूर्ण जबाबदार असतो. धंद्यासाठी कळमन्याच्या बाजारातून जाऊबाईंनी उधारीवर मिरची उचलली आणि पैसे थकले, तर व्यापारी तुमच्याही दारात येऊ शकतो, आणि घातलेल्या चार लाखांच्या पलीकडेही मागू शकतो. कलम 69 सांगतं की फर्मची नोंदणी नसेल तर करारातून येणारी बाहेरची थकबाकी वसूल करायला फर्मला दावा लावता येत नाही. आणि दोनच भागीदार असतील तर एकीच्या मृत्यूनं फर्म संपते, हे कोणालाही बोलायला आवडत नाही, पण मुलंबाळं दोन्हीकडे आहेत. 2008 च्या कायद्यानं मर्यादित जबाबदारीची भागीदारीही करता येते; तिची दरवर्षीची कागदपत्रं जास्त असतात. यातलं तुमच्यासाठी काय बरं, हे एखाद्या सनदी लेखापालाकडे दोघींनी मिळून जाऊन विचारा. मिळून, हे मुद्दाम लिहिते. एकीनं विचारून दुसरीला सांगायचं, असं करू नका.

सासूबाईंशी आणखी एक करा. निवांत वेळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "आई, कोणाचं घोडं मेलं होतं?" म्हातारी माणसं म्हण उगीच काढत नाहीत. तिच्यामागे बहुतेक वेळा एखादी गोष्ट असते: वडिलांची भागीत घेतलेली बैलजोडी, इतवारीतलं कोणाचं दुकान, दोन भावांनी मिळून घेतलेला आणि वीस वर्षं कोर्टात पडलेला प्लॉट. ती गोष्ट सांगायची नसते, म्हणून म्हण सांगितली जाते. ती गोष्ट ऐकलीत तर तुमच्या हाती म्हणीपेक्षा किती तरी जास्त लागेल: तेव्हा काय ठरलं होतं, काय ठरलं नव्हतं, पहिला खटका कशावरून उडाला. आणि बहुधा हेही कळेल की सासूबाईंना धंद्याचं भय नाही. दोन मुलांची घरं पैशापायी एकमेकांचं तोंड पाहीनाशी होतील, याचं भय आहे. त्यांना म्हणीनं उत्तर देता येणार नाही. गाळा बंद करायची वेळ आली तर कोण काय घेऊन बाहेर पडेल, हे लिहिलेला कागद दाखवता येईल.

आता तुमच्या यजमानांकडे. हातचं सोडून पळत्याच्या मागे. या म्हणीत एक गृहीत आहे आणि ते तुम्हीही न तपासता घेतलंय: हातचं सोडल्याशिवाय दुसरं धरता येत नाही. खरंच? जाऊबाईंना तुमचा पूर्ण दिवस आजच कशाला हवा आहे? सध्याच्या ऑर्डरींचा हिशेब, पाकिटं, पार्सलं हे संध्याकाळी आणि रविवारी होण्यासारखं आहे. लाल मिरचीचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. भिवापुरी घ्या की दुसरी, वर्षाची मिरची तेव्हाच भरावी लागते आणि आपल्याकडच्या बायाही वर्षाचा मसाला उन्हाळ्यातच करून घेतात. म्हणजे पैसा अडकायचा आणि यायचा, दोन्हीचा जोर त्याच महिन्यांत. गाळा आधी त्या तीन-चार महिन्यांच्याच बोलीवर मिळतो का पाहा. मशीन विकत न घेता कांडपवाल्याकडून दळून आणता येतं का पाहा. तुम्हाला साठलेली रजा असेल तर ती मार्च-एप्रिलमध्ये वापरा.

एप्रिलचा गल्ला पाहून लगेच राजीनामा मात्र लिहू नका. तीच शिताची गोष्ट. उन्हाळ्यातल्या विक्रीवरून पावसाळ्याचा अंदाज येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मसाला दमटतो, वाळवण होत नाही, मागणी बसते, आणि गाळ्याचं भाडं पहिल्या तारखेला द्यावंच लागतं. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा, दोन्हींचे आकडे हातात येऊ द्या. तळाचंही शीत काढा.

यजमानांच्या म्हणीत आणखी एक कच्चा दुवा आहे. नोकरी सोडली की हातचं सगळं सुटतं, असं ती सुचवते. पीएफ तुमचाच राहतो. तुमच्या कार्यालयाला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असेल तर पाच वर्षांवर सेवा झाल्यामुळे तो हक्कही आहे. शेवटचा मूळ पगार (महागाई भत्ता मिळत असेल तर तो धरून) गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं, असं ते गणित. मूळ पगार 14 हजार धरला तर अकरा वर्षांचे सुमारे 89 हजार होतात. जे खरंच सुटतं ते वर्षाचे 3 लाख 36 हजार आणि पुढे, समजा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, परत नोकरी शोधताना येणारी अडचण. हे दुसरं आकड्यात बसत नाही, पण लिहून ठेवा. मग यजमानांना विचारा, "चार लाखांतले किती गेले तर आपल्या घराला झेपतील?" त्यांनी एक लाख म्हटलं तर एक लाखापासून सुरू करा. त्यांची म्हण तुम्हाला अडवत होती. हा आकडा दोघांना मिळून ठरवता येतो.

मैत्रिणीच्या बोरांबद्दल थोडंच लिहिते. ती म्हण विकणाऱ्याची आहे आणि विक्रीपुरती बरोबर आहे. जाऊबाईंचा माल चांगला आहे हे पुण्याच्या लोकांना कळलं, कारण कोणीतरी बोललं. पण बोलायच्या आधी पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक हवा. अन्नसुरक्षेचा कायदा 2006 चा आहे आणि घरून विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. जाऊबाईंनी ती केली आहे का, हे उद्याच विचारा. या एका उत्तरावरून त्या धंदा कसा चालवतात, ते तुम्हाला बरंच कळेल.

कोणी ना कोणी तुम्हाला लिज्जतचंही उदाहरण देईल: 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि केवढी संस्था उभी राहिली. गोष्ट खरी आहे, मला ती फार आवडतेही. पण तिच्यावरून निर्णय घेऊ नका. त्याच काळात सुरू होऊन बंद पडलेल्या पापडगटांची नावं कोणाला आठवत नाहीत. तसंच उलटं: दोन जावांनी पंचवीस वर्षं शांतपणे चालवलेल्या खाणावळीवर कोणी म्हण केलेली नाही, कारण तिथे सांगण्यासारखं काही घडलंच नाही. एकीकडून म्हण भीती दाखवते, दुसरीकडून यशोगाथा भुरळ घालते. दोन्हींत तुमचा गाळा नाही.

हे लिहिताना याच आठवड्यातलं दुसरं एक पत्र समोर आहे. एका मुलाच्या आईचं. मुलगा स्पर्धा परीक्षेला चौथ्यांदा बसतोय आणि घरात भिंतीवर लिहिलंय, प्रयत्नांती परमेश्वर. त्या माउलीलाही हेच सांगेन. ही म्हण किती प्रयत्न ते सांगत नाही. ते घरानं आधी ठरवायचं असतं, निकालाच्या दिवशी ठरवायचं नसतं: अमुक परीक्षेपर्यंत, अमुक खर्चापर्यंत, आणि तोवर मुलानं दुसरं कोणतं कौशल्य हातात घ्यायचं. आकडा ठरला की म्हण हिंमत देते. आकडा नसेल तर ती वर्षं खाते.

आणि तुमचे वडील. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकलाय, तो जपा. पण मनाचं करायचं तर मनाला काय हवंय, ते तरी कळायला हवं. संपूर्ण पत्रात तुम्हाला हे काम करायचं आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जाऊबाईंना हवंय, नवऱ्याला नकोय, आईला भीती आहे. तुम्हाला? रोज मिरचीच्या ठसक्यात उभं राहणं, गिऱ्हाइकाची किरकिर, उधारी मागणं, हे तुम्हाला जमेल आणि आवडेल का? की तुम्ही हिशेबाच्या कामाला कंटाळल्या आहात आणि मसाला हे निमित्त आहे? दोन्ही उत्तरं चालतील. फक्त दुसरं असेल तर त्यावर भागीदारीपेक्षा स्वस्त उपाय आहेत.

जाऊबाईंशी बोलाल तेव्हा घरी बोलू नका, मुलं-माणसं मध्ये येतात. अंबाझरीवर जा, धरमपेठेत कुठे चहाला बसा. एक वही न्या. माल कोण आणेल, मशीन कोण पाहील, उधारी कोण वसूल करेल, प्रत्येकापुढे एकच नाव लिहा. दोघींचं लिहू नका. कामाचा पगार दोघींना किती आणि पगार काढून उरलेल्या नफ्यात वाटा किती, हे वेगवेगळं लिहा. दोघींपैकी कोणीही किती रकमेपर्यंत एकटीनं उधारी करू शकते, ते लिहा. महिन्यातून एका ठरल्या तारखेला वही उघडायची, तोटा असला तरी. वेगळं व्हायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, मशीन कोणाचं, नाव कोणाचं, मसाल्याचं प्रमाण कोणाचं. हे शेवटचं सगळ्यात नाजूक आहे. तो मसाला त्यांचा आहे, कदाचित त्यांच्या आईचा असेल. तुम्ही स्वतःहून म्हणा की तो त्यांचाच राहील.

"आपल्या-आपल्यात कशाला लिहायचं?" असं त्या म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नका, आणि त्यात लगेच त्यांचा काही डाव आहे असंही समजू नका. आपल्याकडे बहुतेक बायकांना पैशाचं लिहून ठेवायची सवयच कोणी लागू दिलेली नाही. पुन्हा समजावून सांगा, लेखापालाकडे सोबत घेऊन जा. तरीही त्या कागदावर यायला तयार नसतील तर नोकरी सोडू नका आणि पैसेही घालू नका. त्यांचा हिशेब दर रविवारी ठरलेल्या मोबदल्यावर लिहून द्या, नोंदणीचं काम करून द्या आणि पुढच्या हंगामात हा विषय परत काढा. वर्षभर त्यांचे आकडे तुमच्याच हातांखालून गेलेले असतील.